कुसुमावतीबाईंच्या नावाचा पॉवर सप्लाय

दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळात विनयाला सगळे 'मीटरबाई' म्हणायचे. आता ती येतच नाही, त्यामुळे पाठीमागे म्हणतात. जवळच मानेसरला मोटारींचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना आहे, तिथं ती तपासणी विभागात काम करते. गाडीच्या पोटात वायरींच्या ज्या जाडजूड जुड्या असतात, त्यातली एकेक वायर तिच्या हाताखालून जाते. वीज जिथं पोचायला हवी तिथं पोचते का, आणि जिथं पोचू नये तिथं पोचत नाही ना, एवढंच बघायचं. अठरा वर्षं ती हेच बघते आहे. रोज सकाळी द्वारकेच्या चौकातून कंपनीची बस, संध्याकाळी त्याच बसनं परत. पर्समध्ये एक वेळ कंगवा नसेल, पण मल्टिमीटर असतोच.

कुणाकडे हळदीकुंकवाला गेली आणि फ्रिजच्या दाराला हात लावल्यावर मुंग्या आल्या, की ही बाई वाण बाजूला ठेवून फ्रिजच्या मागे वाकणार. मग यजमानीण ओशाळणार, बाकीच्या एकमेकींना कोपरखळ्या मारणार. मीही मारल्या आहेत. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मला बऱ्याच लोकांबद्दल वाईट बोलायचं आहे आणि त्यात माझा नंबर खालचा नाही.

मी देवयानी. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, आणि मंडळाची चिटणीस. माझी मुलगी मयुरा सोळा वर्षांची आहे, गिटार वाजवते आणि गाते. तिच्या पायाशी लहान लहान धातूचे डबे असतात, त्यांना पेडल म्हणतात. एक पायानं दाबला की गिटारचा आवाज घुमतो, दुसरा दाबला की फाटतो, तिसऱ्यानं डोंगरातून प्रतिध्वनी आल्यासारखं होतं. असे पाच डबे. प्रत्येकाला वीज लागते, तीही अगदी थोडी, नऊ व्होल्ट.

मयुरानं सुरुवातीला काय केलं, तर घरातल्या वायफायच्या डब्याचा अडॅप्टर काढला. पिन बरोब्बर बसत होती. लावणार तेवढ्यात विनया दारात उभी. कशाला आली होती ते आठवत नाही, पण तिनं तो अडॅप्टर पोरीच्या हातातून अक्षरशः हिसकावला.

"अगं, बसतेय ना मावशी, बिल्कुल फिट आहे," मयुरा म्हणाली.

"पिन बसली म्हणजे सोयरीक जुळली असं नसतं," विनया म्हणाली. "हा बारा व्होल्टचा आहे, तुझं पेडल नऊचं. शिवाय ह्याच्या पिनेच्या आत प्लस आहे, बाहेर मायनस. पेडलला उलटं लागतं. लावलं असतंस तर गेलं असतं पेडल."

मग तिनं मयुराला जवळ बसवलं आणि पाचही पेडल उलटी करून त्यांच्या पाठीवरचं बारीक लिखाण वाचून दाखवलं. कुठलं किती करंट खातं ते कागदावर मांडलं. प्रतिध्वनीवाला सगळ्यात खादाड निघाला. बेरीज केली आणि म्हणाली, "ह्याच्या दीडपट तरी वीज देऊ शकेल असा डबा, म्हणजे पॉवर सप्लाय, घ्यायचा. पाचही पेडल एकाच वायरीवर माळेसारखी ओवायची नाहीत, घुंऽऽ असा आवाज येतो. प्रत्येकाला वेगळी, एकमेकांपासून तोडलेली लाइन असलेला घ्यायचा." तोपर्यंत मी पण ऐकू लागले होते. मी विचारलं, की बाजारात प्लास्टिकचे अडॅप्टर पोत्यानं मिळतात, त्यातला एक का नको? तर तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू मी जगातला सगळ्यात मूर्ख प्रश्न विचारला होता. "देवयानी, त्या अडॅप्टरमध्ये भिंतीतले दोनशे तीस व्होल्ट आणि पोरीचा हात ह्यांच्यामध्ये काय आहे ते तुला ठाऊक आहे? गिटारच्या तारा धातूच्या, पेडल धातूचं, माइक धातूचा. आणि ही एका हातानं तारा धरून माइकला ओठ लावणार. तिथं काटकसर करायची?"

आठ दिवस शोधून तिनं एक सप्लाय निवडला. लोखंडी डबा, हाताला जड, आत ट्रान्सफॉर्मर, सरकारमान्य तपासणीचा शिक्का, तीन पिनांची जाड वायर. मयुरा मंडळाच्या मुलांच्या बँडमध्ये वाजवते, म्हणून मी तो मंडळातर्फे घेण्याचा विषय सभेत मांडला. आणि तिथं बळवंतकाका उभे राहिले.

बळवंतकाका अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला आले आणि इथलेच झाले. त्यांची बायको कुसुमावतीबाई गेल्या वर्षी वारल्या. तीस वर्षं त्यांनी मंडळाच्या मुलांना गाणी शिकवली, एका पैशाची अपेक्षा न ठेवता. मयुराचा 'सा' त्यांनीच लावला. काका म्हणाले, "हा जो काही डबा आहे तो माझ्याकडून. कुसुमच्या नावानं."

कुणाला आनंद होणार नाही? मलाही झाला. पण आमचं मंडळ हे आमचं मंडळ आहे. इथं नावाशिवाय काही राहत नाही. पाण्याच्या पिंपावर नाव, सतरंजीच्या कोपऱ्यावर नाव, पंख्याच्या तीन पात्यांवर एकाच घरातल्या तीन पिढ्या. आमचे अध्यक्ष मुरलीधरकाका ह्या बाबतीत फार काटेकोर. ते म्हणाले, "पितळी पाटी करू. 'कै. कुसुमावती यांच्या स्मरणार्थ'."

"चिकटवा हं काका," विनया लगेच म्हणाली. "त्या डब्याला भोक पाडू नका. आत जागा नाही."

"चिकटवलेलं नाव दोन वर्षांत गळून पडतं, विनयाताई. स्मरण कसं टिकाऊ पाहिजे!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. विनया पुन्हा म्हणाली, "मी लिहून देते, भोक पाडू नका." आणि मी, चिटणीस, काय म्हणाले? "अगं, बघतील ते. तू पण ना!" इतिवृत्तात मी तिचं वाक्य लिहिलं नाही. लांबण नको म्हणून.

वर्धापनदिन जानेवारीतल्या एका रविवारी होता, दुपारी, सेक्टरच्या कम्युनिटी हॉलमध्ये. सप्लाय आदल्या संध्याकाळी पाटीवाल्याकडून आला होता. पितळ झगझगीत, चार कोपऱ्यांना चार स्क्रू. मयुराच्या अॅल्युमिनियमच्या फळीवर पेडल नटबोल्टनं आवळलेली होती, त्यांच्या शेजारी तोही आवळला गेला. विनयाची त्या दिवशी कारखान्यात जादा पाळी होती, ती उशिरा, कार्यक्रम सुरू होताना पोचली आणि मागच्या रांगेत बसली. स्टेजवर मंडपवाल्याचा वीजबोर्ड होता. त्यात सप्लायची पिन खोचली. पेडलचे लाल दिवे लागले. सगळं कसं छान.

पाटीचं पूजन ठरलं होतं. बळवंतकाका हळदकुंकवाचं तबक घेऊन वर आले. मयुरा गिटार गळ्यात अडकवून उभी होती. तिनं मला हाक मारली, "आई, गिटारला हात लावला की झिणझिण होतंय. अजीब सा."

मी विंगेतूनच म्हणाले, "थंडी आहे. आणि घाबरलीयस तू. माइकपाशी जाऊन उभी राहा, काका पाटीला कुंकू लावतील तेव्हा फोटो घ्यायचाय."

हे वाक्य मी बोलले. माझ्या पोटच्या पोरीला.

आमचं दोघींचं बोलणं माइकवरून सगळ्या हॉलला ऐकू गेलं होतं, कारण माइक चालूच होता. मागच्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज आला. विनया स्टेजवर कधी चढली ते मला दिसलंच नाही. तिनं पर्समधला टेस्टर काढून त्या पितळी पाटीला टेकवला. टेस्टरच्या पोटातला दिवा लागला. लख्ख. काकांनी कुंकवात बुडवलेलं ओलं बोट पाटीपासून वीतभरावर होतं, आणि मयुरा माइकच्या दिशेनं एक पाऊल टाकत होती.

"मयुरा, थांब! माइकला हात लावू नकोस! काका, मागे व्हा!"

आणि तिनं मंडपवाल्याच्या बोर्डाची पिन भिंतीतून उपटली. त्या धक्क्यात काकांच्या हातातलं तबक पडलं. कुंकू सगळ्या स्टेजभर. पुढच्या रांगेतल्या बायकांनी "अगंबाई!" केलं, आणि मुरलीधरकाका माइकजवळ येऊन म्हणाले, "अहो, काय हे! मृत व्यक्तीच्या नावापुढे असा तमाशा? अपशकुन केलात!"

"पाटीवर करंट आहे काका."

"करंट असता तर पेडल जळाली नसती? दिवे लागले होते, सगळं व्यवस्थित चाललं होतं!"

विनयानं पुढे वाद घातला नाही. तिच्या पर्समध्ये मीटरसाठी ठेवलेल्या चौकोनी नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या होत्या. ती खाली बसली, एकेका पेडलचं झाकण उघडून बॅटरी घातली. पाचातल्या चार पेडलांना बॅटरी चालते, खादाडाला चालत नाही, तो तिनं काढून ठेवला. सप्लाय फळीवर तसाच, पण निर्जीव. दहा मिनिटांत मयुरा वाजवायला उभी राहिली आणि पोरीनं हॉल डोक्यावर घेतला. दोनदा वन्समोअर.

आणि इथंच सगळं चुकलं. काही झालंच नाही ना! कुणाला शॉक बसला नाही, कुणी पडलं नाही, गाणं तर फर्स्टक्लास झालं. मग विनयानं केलं काय? तर कुंकू सांडलं. माणसाला वाचवलं की त्याचा काहीच पुरावा मागे राहत नाही, आणि सांडलेलं कुंकू मात्र सतरंजीवर चार दिवस दिसतं. मयुरा गेली असती तर आमच्या मंडळानं शोकसभा घेतली असती, दोन मिनिटं उभे राहिलो असतो आणि तिच्या नावाची पाटीही केली असती. स्क्रू लावूनच.

मंगळवारी कार्यकारिणी बसली. ठराव झाला, की श्रीमती विनया यांनी कै. कुसुमावतीबाईंच्या स्मृतीचा जाहीर अवमान केला, सबब त्यांनी लेखी माफी मागावी. कुणीतरी म्हणालं, एकदा मीटर लावून बघायला काय हरकत आहे? त्यावर मुरलीधरकाका म्हणाले, "म्हणजे बळवंतरावांच्या दानावर संशय घ्यायचा?" झालं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. पत्र मी टाइप केलं. खाली सही माझी. सरकारी नोकरीत बावीस वर्षं काढली की समोर आलेल्या कागदावर हात आपोआप सही करतो, असं मी स्वतःला सांगितलं. खोटं आहे ते. त्या हाताला नीट माहीत होतं. मला चार लोकांत वाईट व्हायचं नव्हतं.

पत्र तिला व्हॉट्सअॅपवर पाठवलं. ती तेव्हा मानेसरच्या बसमध्ये असणार. निळ्या दोन खुणा आल्या, उत्तर आलं नाही. शनिवारी संध्याकाळी सहाच्या सभेत माफी मागायला बोलावलं होतं.

शनिवारी ती आली, कारखान्याच्या निळ्या कोटातच, बसमधून उतरून थेट. तिच्या मागोमाग मयुरा, गिटार घेऊन. मी विचारलं, "तू कशाला?" तर म्हणाली, "मावशीनं बुलाया." आणि मग बळवंतकाका. त्यांच्या हातात ती पेडलांची फळी होती, सप्लायसकट. मंडळाच्या कपाटातून त्यांनी स्वतः काढून आणली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, धाप लागलेली.

मुरलीधरकाका म्हणाले, "विनयाताई, आधी माफीचा विषय..."

"माफी नंतर," बळवंतकाका म्हणाले. "आधी मला दाखव, पोरी. माझ्या बोटापुढे काय होतं?"

विनयानं मंडपवाल्याचा तो बोर्ड मागितला. तो अजून हॉलच्या कोपऱ्यात पडून होता. तिनं त्याची पिन उघडली. बोर्डाला भोकं तीन, पण आत येणारी वायर दोनच तारांची. अर्थिंगची तिसरी तार नव्हतीच. "ही तार असती तर पिन खोचताक्षणी फ्यूज गेला असता," ती म्हणाली, "आणि सगळ्यांना कळलं असतं. ती नाही, म्हणून दिवे लागले."

मग फळी टेबलावर ठेवली. कशालाही वीज जोडली नाही. मीटरची एक सुई सप्लायच्या पिनेला टेकवली, दुसरी पितळी पाटीला. मीटर वाजला, पीऽऽ. पाटीवरची सुई उचलून पेडलच्या डब्यावर ठेवली. पीऽऽ. मयुराला म्हणाली, "गिटार जोड." मयुरानं जोडली. विनयानं सुई गिटारच्या तारेवर ठेवली, जिथं मयुराची बोटं असतात तिथं.

पीऽऽ.

विनयानं डब्याचं झाकण काढलं. पाटीचा एक लांब स्क्रू आत घुसून विजेच्या मुख्य तारेच्या टोकाला टेकला होता. टोक काळं पडलं होतं. कारखान्यानं सीलबंद करून, तपासून, शिक्का मारून दिलेला डबा होता तो. आम्ही त्यात नाव घुसवलं.

बळवंतकाकांनी त्या काळ्या टोकाला बोट लावून पाहिलं. मग म्हणाले, "कुसुमनं ह्या पोरीला सा शिकवला. आणि तिचंच नाव... विनया, ही पोर गेली असती, तर मी बायकोचं नाव पुन्हा तोंडानं घेऊ शकलो असतो का गं?" आणि वाकून तिच्या पायाला हात लावायला लागले. विनयानं त्यांना वरच्या वर धरलं. एवढा वेळ दगडासारखी उभी असलेली ती बाई तेव्हा रडली. म्हणाली, "काका, तुमची काही चूक नाही. मी भोक पाडू नका म्हणाले होते. लिहून द्यायला हवं होतं. नुसतं म्हणाले."

ह्यावर मुरलीधरकाकांनी काय म्हणावं? "चला, गैरसमज दूर झाला. विषय संपला. चहा घ्या."

गैरसमज! माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी म्हणाले, "काका, संपला कसा? पत्र आपण पाठवलंय. आता मंडळानं विनयाची माफी मागायची." तर ते म्हणाले, "मंडळ कसं माफी मागणार, देवयानीताई? मंडळ म्हणजे संस्था." पुढे हेही म्हणाले, "शिवाय तसं पाहिलं तर शॉक कुणालाच बसला नाही." ह्या माणसाची उचलली जीभ लावली टाळ्याला! बाकीचे चहाकडे वळले होते. ज्या बायका त्या दिवशी अपशकुन म्हणाल्या, त्या विनयाला विचारत होत्या, "आमच्या गीझरला पण करंट येतो गं, येऊन बघशील?"

मी इतिवृत्ताची वही उघडली आणि तिथंच लिहिलं: 'श्रीमती विनया यांनी भोक पाडू नये असं सभेत सांगितलं होतं. चिटणीसांनी ते लिहिलं नाही. वर्धापनदिनी त्यांनी चिटणीसांच्या मुलीचा आणि श्री. बळवंत यांचा जीव वाचवला. त्याबद्दल चिटणीसांनी त्यांनाच माफी मागायला सांगितलं. ते पत्र चुकीचं आणि लाजिरवाणं होतं.' आणि खाली सही केली. मुरलीधरकाका म्हणाले, हा मजकूर खोडा, वही ऑडिटला जाते. मी खोडला नाही. त्यांनी त्या पानावर आजवर सही केलेली नाही, त्यामुळे ते मंजूर नाही, म्हणून मी हे इथं लिहिलं.

त्या संध्याकाळी हॉलबाहेर मी विनयाला गाठलं. माफ कर म्हणाले. ती बूट घालत होती. शांतपणे म्हणाली, "पत्राचं सोड गं. ते वाचून मला राग आला आणि गेला. पण पोर सांगत होती, झिणझिण होतंय. तू तिला माइककडे पाठवलंस. त्याची माफी माझ्याकडे नको मागूस."

घरी आल्यावर मी मयुराच्या खोलीत गेले. सगळं बोलले, जसं सुचलं तसं. ती ऐकत होती. मग तिनं एवढंच विचारलं, "आई, तू मावशीला लेटर पाठवलंस, तेव्हा तुला माहीत होतं ना, की मला करंट लागत होता?"

मी हो म्हणाले. दुसरं काही खरं नव्हतं.

विनया आता मंडळात येत नाही. बळवंतकाकांनीही मंडळ सोडलं. मयुरा दर रविवारी तिच्याकडे जाते, मीटर कसा वापरायचा ते शिकते. मी सोडायला येऊ का विचारलं, की नको म्हणते, आणि एकटी ऑटोनं जाते.